औलीला बर्फ आहे का? नागपुरातून निघण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की मला फोन सुरू होतात. "भाऊ, औलीला बर्फ पडला का?" औली म्हणजे उत्तराखंडात जोशीमठच्या वरचं स्कीइंगचं ठिकाण. आता मी राहतो खामल्याला, माझ्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते, नंदादेवी नाही. पण बरेच हिवाळे ग्रुप घेऊन तिकडे जाऊन आलो, एकदा चांगला फसलोही, त्यामुळे लोकांना वाटतं याला विचारलं की झालं. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

औलीला बर्फ नक्की कधी असतो?

"नक्की" हा शब्द आधी काढून टाका. साधारण डिसेंबरच्या शेवटी पहिला धरण्यासारखा बर्फ पडतो, जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा शेवट हा खरा सीझन, आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या भागात चालून जातं. हे झालं कागदावरचं. २०२३ ला फेब्रुवारीतल्या स्कीइंगच्या स्पर्धा औलीला बर्फच नाही म्हणून रद्द झाल्या. जानेवारी २०२४ ला तर गुलमर्गसुद्धा कोरडं ठणठणीत होतं, लोक पिवळ्या गवतावर फोटो काढून राहिले होते. २०२५ ला गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या, कारण तेच.

मला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा. तोवर दोन महिन्यांत जे काही पडलं ते थरावर थर बसलेलं असतं, एखादा आठवडा कोरडा गेला तरी स्लोप उघडा पडत नाही. २६ जानेवारीला जोडून सुट्टी घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, त्यामुळे तेव्हा गर्दी हमखास, बर्फ नशिबात असला तर.

मोबाईलच्या अ‍ॅपवर पुढच्या पंधरा तारखेला बर्फाचं चित्र दाखवून राहिलं, तिकीट काढू का?

नका काढू. पाच दिवसांच्या पुढचा बर्फाचा आकडा मी बघतच नाही. तीन दिवसांपर्यंतचा बऱ्यापैकी खरा असतो, पाच दिवसांपर्यंत "काहीतरी येऊन राहिलं" एवढं कळतं, दहाव्या दिवसाचं चित्र म्हणजे पोपटवाल्याची चिठ्ठी.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. अ‍ॅपला डोंगर दिसत नाही, चौकोन दिसतात. हवामानाची मॉडेल्स पृथ्वीवर चौकोन पाडून हिशोब करतात, मे २०२५ ला आपल्या हवामान खात्यानं जी भारत फोरकास्ट सिस्टिम आणली तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, जगातली बरीच मॉडेल्स याहून जाडी आहेत. आता ६ किलोमीटरच्या चौकोनात नागपुरात काय फरक पडतो, बर्डीवर ऊन तर धरमपेठेतही ऊनच. तिकडे तेवढ्याच अंतरात खाली जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर आणि वर औलीचे स्लोप २,५०० पासून ३,००० मीटरच्या वर. त्या सगळ्याची सरासरी काढून अ‍ॅप एक आकडा फेकतं, तो ना जोशीमठचा ना औलीचा.

मग बघायचं काय?

उंची. माझा सगळा हिशोब या एका गोष्टीवर चालतो, किती मिलिमीटर पडणार ते नंतर, आधी शून्य डिग्री किती उंचीवर आहे ते बघा. विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये हा आकडा मिळतो, डोंगरांसाठी म्हणून जे अंदाज असतात त्यातही असतो. हवेचं तापमान जिथे शून्य होतं त्याच्या खाली साधारण ३०० मीटरपर्यंत बर्फ बर्फ म्हणूनच पोचतो, त्याखाली वितळून पाऊस होतो.

समजा शून्याची उंची २,६०० मीटर आहे. म्हणजे बर्फ २,३०० पर्यंत उतरणार, पूर्ण औली पांढरी, जोशीमठला पाऊस. आता तोच ढग, तेवढंच पाणी, पण शून्याची उंची ३,२०० असली तर बर्फ २,९०० च्या वरच, खालच्या बऱ्याचशा स्लोपवर पाऊस, आणि पडलेल्या बर्फावर पाऊस म्हणजे सत्यानाश, रात्री तो गोठला की सकाळी काच. अ‍ॅप दोन्ही वेळेला तेच ढगाचं चित्र दाखवतं.

शून्याची उंची सापडत नसेल तर गावठी हिशोब करा. दर हजार मीटरला तापमान सरासरी ६.५ डिग्रीनं उतरतं. जोशीमठला दुपारी ६ डिग्री असले तर हजार-अकराशे मीटर वर उणे १ च्या आसपास. रात्री आभाळ निरभ्र असलं की हे गणित कधी कधी उलटं होतं, थंड हवा जड असल्यामुळे दरीत जाऊन बसते आणि वर जास्त उबदार लागतं, पण बर्फ पडायच्या दिवशी ढग असतात त्यामुळे तेव्हा फारसं चुकत नाही.

१० मिमी म्हणजे बर्फ किती?

मिमी हा वितळलेल्या पाण्याचा आकडा, त्याचा बर्फ होतो साधारण १० सेंटिमीटर, एकास दहा. खूप थंडी असेल तर भुसभुशीत पडून जास्त फुगतो, शून्याच्या जवळ असेल तर ओला, जड, कमी. आणि पडल्यावर तो बसतो, संध्याकाळी मोजलेले ३० सेंटिमीटर दोन दिवसांनी २० वर आले तर कोणी चोरून नेलं नाही. बघताना "मागच्या २४ तासांत पडलेला" आणि "जमिनीवर असलेला" हे दोन आकडे वेगळे धरा, जाहिरातीत नेहमी जो मोठा असेल तोच सांगतात.

हे वेस्टर्न डिस्टर्बन्स काय असतं? पेपरात रोज वाचतो.

पेपरवाले पश्चिमी विक्षोभ लिहितात, तेच. भूमध्य समुद्राकडून वरच्या हवेतल्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन येणारी कमी दाबाची यंत्रणा, वाटेत अरबी समुद्रातूनही ओल उचलते, आणि हिमालयाला धडकली की रिकामी होते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, पण सगळ्या कामाच्या नसतात. पश्चिमेकडून येतात म्हणून पहिलं ताट काश्मीरला, मग हिमाचल, मग जे उरेल ते उत्तराखंडला. "काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टी" अशी बातमी वाचून औलीचं बुकिंग करणारे पोट्टे मी पाहिलेत. काश्मीरच्या पंगतीत वाढलं म्हणजे आपल्या ताटात पडेलच असं नाही.

गंमत म्हणजे यांचा आपल्याशीही संबंध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात जी गारपीट होते, संत्र्याचा बहार झडतो, गहू-हरभरा आडवा होतो, त्यात बऱ्याचदा हेच डिस्टर्बन्स आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी ओली हवा यांची गाठ पडलेली असते. माझ्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. मी बर्फाची वाट पाहत असतो आणि ते आभाळाला हात जोडून असतात, एकाच ढगासाठी दोघांच्या उलट्या प्रार्थना. एकदा मी खुशीत फोन करून "काका, जोरदार सिस्टिम येऊन राहिली" म्हणून सांगितलं, तर ते फक्त "हो का" म्हणाले आणि फोन काकूला दिला. तेव्हापासून ही बातमी मी त्यांना देत नाही.

हवामान खात्याचा अंदाज कसा वाचायचा?

उत्तराखंडसाठी देहरादूनचं केंद्र जिल्हावार अंदाज देतं, औली चमोली जिल्ह्यात, तेवढं लक्षात ठेवा. त्यात बहुतेक वेळा "अमुक मीटरच्या वर हिमवृष्टी" असं लिहिलेलं असतं, माझ्या मते पूर्ण अंदाजातली सगळ्यात कामाची ओळ तीच. २,५०० आणि वर लिहिलं तर औलीवाले खूश. ३,२०० किंवा ३,५०० आणि वर लिहिलं तर बद्रीनाथच्या वरच्या डोंगरांवर पडेल, तुम्हाला थंड पाऊस.

शब्दही मोजूनमापून असतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊणपर्यंत, "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्याही वर. तुरळक वाचून बॅग भरू नका. रंगांचं उलटं आहे, यलो अलर्ट बघून लोक घाबरतात, तो फक्त लक्ष ठेवा म्हणून असतो. ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, बर्फ भरपूर पण रस्त्याचा भरोसा नाही. रेडला मी जोशीमठच्याही खालीच थांबतो.

एकाच आकड्यावर विसंबू नका मात्र. मे २०२४ ला आपल्याच नागपुरात एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवले होते, देशभर बातमी झाली, नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. शहरात असं होतं तर डोंगरात बर्फाखाली दबलेल्या यंत्राचं काय.

हॉटेलवाला म्हणतो बर्फ आहे. विश्वास ठेवू का?

आता ऐका आमची गोष्ट. पहिल्या वेळी आम्ही नऊ जण होतो, अ‍ॅपवर १२ सेंटिमीटर दिसत होते, हॉटेलला फोन केला, तो म्हणाला "बरफ है सर, बहुत है". दिल्लीपर्यंत ट्रेन, तिथून हरिद्वार, मग ऋषिकेशवरून अडीचशे किलोमीटर घाट, एक जण देवप्रयागपासून रुद्रप्रयागपर्यंत खिडकीतून डोकं बाहेर काढून बसलेला. वर पोचलो तर सगळं तपकिरी. गवत, दगड, एक खेचर. मी विचारलं बर्फ कुठाय, तर त्यानं शांतपणे हॉटेलच्या मागे नेलं आणि किचनच्या भिंतीच्या सावलीत पलंगाएवढा एक काळपट ढीग दाखवला. होता ना बर्फ! खोटं कुठं बोलला तो.

चूक आमच्या प्रश्नाचीच होती. मराठीत गोळ्याचा बर्फ, फ्रीजरचा बर्फ आणि आभाळातून पडणारा बर्फ सगळ्याला एकच शब्द, हिंदीतही तेच, त्यामुळे "बर्फ आहे का" विचारलं की उत्तर कायम हो. आता मी असं विचारतो: आज सकाळी ८ नंबर टॉवरपाशी गुडघ्यापर्यंत आहे की घोट्यापर्यंत? १० नंबरपाशी किती? शेवटचा कधी पडला? चेअरलिफ्ट चालू आहे का? आज स्की भाड्यानं दिले का कोणी? हे टॉवर रोपवेचे आहेत, एकूण १०, रोपवे बंद असला तरी तिथे सगळे पत्ता त्याच नंबरनं सांगतात. आणि शेवटी म्हणायचं, दादा जरा व्हिडिओ कॉल करून स्लोपकडे फिरवा ना. नेटवर्क नाही म्हणाला तर समजून जा. हॉटेलपेक्षा स्की शिकवणारे पोट्टे खरं सांगतात, कारण बर्फ नसताना तुम्ही गेलात तर शिव्या त्यांनाच खाव्या लागतात.

बर्फ नसला तर मशीननं बनवत नाहीत का?

औलीला त्यासाठी वर कृत्रिम तलाव आहे, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या त्या वेळी बर्फाच्या तोफाही आल्या. तरी २०२३ ला स्पर्धा रद्द झाल्याच, यात काय ते समजा.

यामागचं कारण नागपूरकराला एका मिनिटात कळतं, कारण आपण कूलरवर वाढलोय. मे महिन्यात ४५ डिग्रीला वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि जुलैमध्ये ३२ डिग्रीलाच तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, का? हवा कोरडी असली तर पाणी उडतं आणि उडताना गारवा देतं, हवा ओली असली तर उडतच नाही. बर्फाची तोफ म्हणजे तोच कूलर, पाण्याचे बारीक थेंब हवेत फवारते. त्या थेंबांना गोठायला हवेचं नुसतं तापमान बघून चालत नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवेल ते साधारण उणे २ च्या खाली लागतं. हवा एकदम कोरडी असली तर शून्याच्या किंचित वरही जमतं, दमट असली तर शून्याला पण नाही. दिवसा ऊन पडलं की खेळ संपला, रात्रीचे थोडे तास मिळतात, वर पाणी आणि वीज पाहिजे. त्यामुळे मशीनच्या भरोशावर जाऊ नका.

सकाळी चांगलं की दुपारी?

नवशिक्यांना साडेदहा ते दोन. सकाळी आठला रात्रीचा गोठलेला कडक थर असतो, स्की खरवडल्याचा कर्र आवाज येतो आणि पडलं की ढुंगण शेकतं. दुपारी तीननंतर पायाने गुळगुळीत झालेले पट्टे परत गोठायला लागतात. औलीचे स्लोप उत्तरेकडे तोंड करून आहेत म्हणून बरंय, ऊन तिरपं लागतं, बर्फ टिकतो, समोरचा दक्षिणेकडचा उतार दोन दिवसांत उघडा होतो. मार्चमध्ये मात्र दुपारी सगळा चिखलासारखा काला होतो, तेव्हा सकाळचं अकरापर्यंत उरकायचं.

ताजा बर्फ खूप पडला की सगळ्यांना आनंद होतो, पण शिकणाऱ्याला तो त्रासच आहे, स्की आत रुततात. स्नो बीटर फिरवून दाबला की मग खरी मजा. ढगात सगळं पांढरं-पांढरं होतं, खड्डा कुठे उंचवटा कुठे काही कळत नाही, तेव्हा सरळ मॅगी खात बसा.

रस्ता चालू असतो का?

गंमत बघा, आपल्या नागपुरातून जाणारा जुना एनएच ७ आठवतो ना, वाराणसी-कन्याकुमारी, तो नंबर आता पंजाबातल्या फाजिल्काहून ऋषिकेश-जोशीमठमार्गे बद्रीनाथजवळच्या माणा गावापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला आहे. त्यामुळे एनएच ७ ची पाटी पाहून उगाच घरच्यासारखं वाटतं. जोशीमठपर्यंत बर्फाचा त्रास कमी, दरडी आणि पावसाचा जास्त. त्यावरचा औलीपर्यंतचा साधारण १५ किलोमीटरचा चढ हा खरा प्रश्न.

तिथले ड्रायव्हर म्हणतात "आगे पाला है". आपल्याला वाटतं मेथीचा पाला. पाला म्हणजे सावलीतल्या वळणावर डांबरावर जमलेला पातळ बर्फ, दिसत नाही, ओला रस्ता वाटतो. ताज्या बर्फापेक्षा हा वाईट, आणि निरभ्र आभाळाच्या रात्रीनंतर सकाळी हमखास असतो, म्हणजे अंदाजात सूर्याचं चित्र दिसलं की रस्ता सेफ असं समजू नका, उलटंच. आपली गाडी जोशीमठला ठेवा, वर जायला चेन लावलेली लोकल फोर बाय फोर करा आणि दहाच्या आधी निघू नका.

रोपवे जानेवारी २०२३ ला जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा बंद झाला. जुने व्हिडिओ पाहून त्याच्या भरोशावर प्लॅन करू नका, निघायच्या आधी विचारून घ्या.

हिमस्खलनाची भीती आहे का?

मुख्य स्लोपवर फारशी नाही. पण औलीच्या वरच्या गोरसों कुरणाच्या पुढे जायचं, कडेच्या न दाबलेल्या उतारावर घुसायचं, किंवा माणा-बद्रीनाथकडे सरकायचं असेल तर हो. २८ फेब्रुवारी २०२५ ला याच चमोली जिल्ह्यात माणाजवळ रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या कॅम्पवर हिमस्खलन आलं, ५४ जण अडकले, ८ जण गेले. चंदीगडची डीआरडीओची संस्था, डीजीआरई, जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा काढते, जोरदार बर्फ पडल्यावर तो बघायचाच. मोठी हिमवृष्टी झाल्यावरचे पहिले एक-दोन दिवस आणि एकदम ऊन तापलेली दुपार, या वेळी स्थानिक माणूस नको म्हणाला तर नको. त्याला "भाऊ थोडं पुढं फक्त" म्हणून गळ घालू नका.

थंडी किती? नागपूरची थंडी काढली आम्ही.

हौ, काढली. २९ डिसेंबर २०१८ ला आपल्याकडे ३.५ डिग्री होते, अख्खं शहर शेकोटीभोवती. औलीला ती दुपार असते. आणि आकड्यापेक्षा वारा मारतो, उणे ५ डिग्रीत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला उणे १३ सारखं लागतं. चेअरलिफ्टवर बसून राहायचं असतं तेव्हा हे कळतं. तिबेटी स्वेटरवाल्यांकडचा एक जाड स्वेटर घेऊन कोणी जात असेल तर थांबवा त्याला, तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट. जीन्स अजिबात नको, ओली झाली की वाळत नाही.

गॉगल कशाला, थंडीच आहे ना?

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, वर दर हजार मीटरला ते १० टक्क्यांच्या आसपास वाढतात. आमच्यातल्या एकानं "मी मे महिन्यात बाईकवर फिरतो" म्हणून गॉगल घातला नाही, संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखा रडत बसला होता. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, ऊन खालून येतं.

गुलमर्ग चांगलं ना मग?

बर्फासाठी हो. गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर जातो, उंचीच सगळं सांगते. पण शिकायला औली बरी, छोटी आहे, उतार सौम्य, हरवत नाही कोणी, आणि समोर ७,८१६ मीटरची नंदादेवी.

आईबाबांना फक्त बर्फ दाखवायचाय, स्की नाही करायचं. तरी एवढं सगळं बघायचं का?

त्यांच्यासाठी उलटा हिशोब. पडताना नका नेऊ, पडून गेल्यावर दोन दिवसांनी न्या, रस्ता मोकळा झालेला असतो, आभाळ धुतल्यासारखं असतं. राहायचं जोशीमठला, उंची कमी म्हणून झोप लागते, दिवसा वर जाऊन चारच्या आत खाली. बुकिंग असं घ्या की तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करता येईल, त्याचे थोडे जास्त पैसे लागले तरी द्या. माझी आई गेली होती तेव्हा तिनं मूठभर उचलला, चाखून पाहिला, म्हणाली काही चव नाही रे याला, आणि पिशवीतून संत्रा बर्फी काढून ड्रायव्हरला दिली.